साहेबांचा कान

मी आता जे सांगणार आहे ते तुम्हाला पटणार नाही. पटलं तर मला वाईट वाटेल. या खुर्चीत बसून माझं बोलणं ज्यांना ज्यांना पटलं, त्यांच्या डोक्यात केसांच्या मुळांखाली काही नसतं, हे मी चाळीस वर्षं वरून बघत आलोय. तेव्हा चष्मेवाले, मान मागे टाका, तोंड मिटा आणि पटवून घेऊ नका. नुसतं ऐका.

"मामा, घाई आहे. दुकान उघडं टाकून आलोय," चष्मेवाला म्हणाला.

रस्त्यापलीकडे त्याचं दुकान. काचेच्या कपाटात दोनशे चष्मे दिवसभर रस्त्याकडे बघत बसतात आणि आत कुणी येत नाही. त्याची घाई मला चांगली माहीत आहे. मी त्याच्या हनुवटीवर भरपूर फेस चढवला, ओठांवरून ब्रश दोनदा जास्त फिरवला आणि वस्तरा पट्ट्यावर घासायला घेतला. आमच्या धंद्यात एक सोय आहे. ती वकिलाला नाही, मास्तराला नाही, पुढाऱ्यालासुद्धा नाही. गोष्टीतला अवघड भाग आला की पातं गळ्यावर ठेवायचं. हरकत घ्यायला कुणी तोंड उघडत नाही.

बाकावर आमची ही बसली होती. दुपारचा डबा घेऊन येते आणि माझा हात रिकामा होईपर्यंत वाळलेल्या टॉवेलांच्या घड्या घालते. तिच्या तोंडाला फेस लावता येत नाही, एवढाच या दुकानातला धोका.

तर, माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवला याचं मला कधी कौतुक वाटलं नाही. माणूस दारातून आत येतो, माझे हात धुतलेत का बघत नाही, खुर्चीत बसतो, डोळे मिटतो आणि गळा पुढे करतो. सख्ख्या भावाला कपाटाची किल्ली न देणारा हा प्राणी परक्या हातातल्या पात्याखाली घोरायला लागतो. लोक याला विश्वास म्हणतात. मी आळस म्हणतो. चाळीस वर्षांत मी हाताळलेले गळे एका रांगेत उभे केले तर रांग समुद्रापर्यंत जाईल आणि पुढच्या शंभर जणांना पोहावं लागेल. त्यातल्या एकानेही आधी माझी बोटं हुंगून बघितली नाहीत.

हुंगली ती एकट्या साहेबांनी.

साहेब म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा कुत्रा. नाव दादानेच ठेवलं. बिचाऱ्याचा सगळा जन्म कचेरीत 'होय साहेब' म्हणण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर ते कुणाला म्हणावं हा प्रश्न पडला, म्हणून त्याने हा कुत्रा आणला. बुटका, लांबोडा, रंग पायपुसण्याचा. कान असे की पाणी प्यायला वाकला तर जिभेआधी कान भिजायचे. आणि चेहरा? खिडकीपलीकडे बसून 'उद्या या' म्हणणाऱ्या माणसाचा असतो ना, अगदी तो.

दादा गेला. दोन खोल्यांत वहिनी आणि साहेब उरले. वहिनी त्याच्याशी सकाळपासून बोलते. सगळ्या संसारात दादाशी बोलली नसेल इतकं बोलते. साहेब ऐकतात का नाही देव जाणे, पण मध्ये तोंड घालत नाहीत. दादाला हे कधी जमलं नाही.

माझ्याबद्दल साहेबांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मी दारात दिसलो की ते उठायचे, मला पायांपासून टाळूपर्यंत एकदा बघायचे, नाकातून हवा सोडायचे आणि कॉटखाली जायचे. पळत गेले असते तर मी समजू शकलो असतो. म्हटलं असतं, भ्याला. पण ते चालत जायचे, सावकाश. दारात विमा विकणारा आला की आपण पेपर घेऊन आतल्या खोलीत जातो, तसे.

मलाही त्यांच्याशी सोयरीक करायची नव्हती. कुत्रेवाली माणसं मी लांबून ओळखतो. डोक्यावर केस असोत नसोत, पँटीवर भरपूर असतात. त्यांचा कुत्रा चावला की तुमचंच काहीतरी चुकलेलं असतं. 'आमचा तसा नाही हो!' कुणाचाच तसा नसतो. मग जगातल्या पोटऱ्या काय आपोआप फाटतात?

"मामा, मान जरा..." चष्मेवाला फेसातून म्हणाला.

"तुमची मान ठीक आहे. तिच्यावरच्या डोक्याचं माझ्याकडे औषध नाही. ऐका."

एके दिवशी सकाळी वहिनी दुकानात आली. ती कधी येत नाही. बाकावर टेकली आणि म्हणाली, "भाऊजी, साहेबांच्या कानाला वास येतोय. कान हलवला की ओरडतो."

आम्ही त्याला शालीत गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरणीकडे नेलं. पोरसवदा बाई. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, दोन्ही बाह्यांवर मांजरांच्या नखांची नक्षी. तिने साहेबांच्या कानात दिवा धरला, त्यांनी तिच्या मनगटात दात धरले. दोघांचंही काम एकाच वेळी झालं. ती मनगट नळाखाली धरून म्हणाली, "कानाच्या आत केसांचा गठ्ठा झालाय. खाली पू आहे. गठ्ठा कापून काढायचा, कान धुवायचा, की चार दिवसांत बरा होईल."

"मग काढा की," मी म्हणालो.

"कशी? तुम्ही धरणार का?"

मी तिच्या मनगटाकडे बघितलं आणि खिडकीबाहेरची झाडं बघायला लागलो.

"भूल देऊन काढता येईल," ती म्हणाली. "पण मी छाती तपासली. हृदय फार वाढलंय. भूल दिल्यावर उठेलच, असं मी सांगू शकत नाही."

"आणि गठ्ठा तसाच राहिला तर?" वहिनीने विचारलं.

"पू आत उतरेल. आधी तोल जाईल. मग..." तिने वहिनीचा चेहरा बघितला आणि पुढचं गिळलं. "दहा दिवस गोळ्यांवर ढकलते. तेवढ्यात त्याने कुणाला कानात कात्री घालू दिली तर उत्तम. नाहीतर अकराव्या दिवशी सकाळी दहाला घेऊन या. मी भूल देईन."

वहिनीची बोटं सांधेदुखीने आल्याच्या गड्ड्यासारखी झालेली. सुईत दोरा ओवायला शेजारीण लागते, कात्री कुठली धरणार? जिना उतरताना ती कठडा धरून मध्येच थांबली. साहेब माझ्या हातात, शालीत, माझ्याकडे पाठ करून.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमचे दादा गेले तेव्हा मला कुणी दहा दिवस दिले नव्हते. ह्याचे मिळालेत. मला अकरावा दिवस बघायचा नाही. कात्री तुमच्या घराण्यात तुमच्याच हातात आहे. काय ते तुम्ही करा."

आता अशा वेळी माणसाने काय बोलावं? मी म्हणालो, "हात्तिच्या! दहा दिवस कशाला, दहा मिनिटं पुरेत."

"असं म्हणालात खरं," बाकावरून ही म्हणाली.

"म्हणालो. लपवतोय का?"

पहिल्या दिवशी मी बोथट टोकाची छोटी कात्री घेऊन गेलो. साहेब खिडकीशी उन्हात बसले होते. मी आपला आमच्या रीतीने गेलो, पाठीमागून, पावलांचा आवाज न करता. दोन हातांवर पोचलो आणि घरात मोटरसायकल सुरू झाली. ते साहेब गुरगुरत होते. पुढचं नीट सांगता येत नाही. एवढंच आठवतं की तीन तास मी कॉटखाली होतो आणि साहेब कॉटवर.

दुसऱ्या दिवशी बिस्किटं नेली. बिस्किट दाखवून मिळवलेला विश्वास निवडणुकीपुरता टिकतो हे मला माहीत होतं, पण जगरहाटी आहे, म्हटलं करून बघू. साहेबांनी माझ्या हातातून बिस्किट उचललं, कॉटखाली नेलं, खाल्लं, बाहेर आले, दुसरं उचललं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. जेवणाच्या घरात वाढप्याच्या तोंडाकडे कोण बघतं? अशी चौदा झाली. पंधरावं त्यांनी हुंगलं आणि नाकाने माझ्याकडे ढकललं. म्हणजे काय, तर घे बाबा, तूही उपाशी दिसतोस.

"ढकललं?" चष्मेवाल्याचा फेस फुगला.

"गळ्याकडे येतोय मी आता. बोलायचं असेल तर विचार करून बोला."

त्याने मान आणखी मागे टाकली.

तिसऱ्या दिवशी वहिनीच्या शेजारणीने कुत्र्यांचा मास्तर आणला. हा इसम कुत्र्यांना शिकवत नाही म्हणे, माणसांना शिकवतो. कुत्र्यांनी अंगाला लावून घेतलं नसणार. अंगात बारा खिशांचं जाकीट, प्रत्येक खिशात वेगळा वास. गळ्यात शिट्टी. आवाज असा मऊ की ऐकता ऐकता कानात मळ साचावा. आल्या आल्या त्याने जाकीट खुर्चीच्या पाठीवर टांगलं आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमचं आणि त्याचं नातं कसं आहे?" त्याने विचारलं.

"चुलत्या-पुतण्याचं," मी म्हणालो. "माझ्या भावाचा आहे तो."

"तसं नाही. आतून कसं आहे?"

"आतून पू आहे. त्यासाठीच तर आलात ना?"

मग त्याने आम्हा तिघांना जमिनीवर गोल बसवलं. मी, वहिनी आणि शेजारीण. डोळे मिटा म्हणाला. साहेबांच्या श्वासात आपला श्वास मिसळा म्हणाला. साहेबांच्या श्वासाला तीन दिवसांच्या कोबीचा वास येतो, तो कशात मिसळणार? पण मिटले डोळे. तो बोलत राहिला. विश्वास मागायचा नसतो, रुजू द्यायचा असतो, तुमच्या मनातल्या भिंती पाडा, असलं काही. माझ्या भिंती पडल्या असाव्यात, कारण मला छान झोप लागली. जाग आली ती शेजारणीच्या 'अगंबाई'ने. साहेब खुर्चीपाशी तीन पायांवर उभे होते. चौथा वर. जाकिटाच्या बारा खिशांपैकी खालचे चार भरले होते.

मास्तराचा चेहरा उजळला. "सुंदर!" तो कुजबुजला. "तो तुम्हाला आपल्या हद्दीत सामावून घेतोय."

"जाकीट तुमचं आहे," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी तो आला नाही. त्याच दिवशी साहेब चालताना पहिल्यांदा डावीकडे कलले. एकदाच, दाराच्या चौकटीला खांदा लागण्याइतके. वहिनीने बघितलं, मी बघितलं, आणि दोघांनीही हवापाण्याचा विषय काढला.

पाचव्या दिवशी ही म्हणाली, मीही येते. हिने काही करायचं नव्हतं. वहिनीशी गप्पा मारायच्या होत्या. मी खिडकीशी, साहेब कॉटखाली, ह्या दोघी स्वयंपाकघराच्या दारात. मी बसल्या जागेवरून साहेबांना चार समजुतीच्या गोष्टी सांगत होतो. तू मूर्ख आहेस, तुझ्या भल्याचं तुला कळत नाही, दादाने तुला लाडावून ठेवलाय, वगैरे.

ही एकदम म्हणाली, "अहो, तुमची बोटं बघा."

मी बघितली. उजव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट उघडमीट करत होते. हातात काही नव्हतं. रिकामीच कात्री चालू होती.

आता हे चष्मेवाल्यांना समजणार नाही, पण आमच्यात कात्री कधी थांबत नाही. केस कापताना दोन कापांच्या मध्ये आम्ही ती हवेतच वाजवतो. कच कच कच. ताल राहतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं काहीतरी चाललंय. चाळीस वर्षांनी बोटं धंदा सोडून घरी येत नाहीत. जेवताना चालतात, झोपेत चालतात. मी दादाच्या घरी जन्मभर असाच जात होतो, बोटं वाजवत. दादाची हजामतही मी तिथेच करायचो. खुर्चीच्या मागे उभा राहून कच कच, आणि साहेब पिल्लू होते तेव्हापासून समोर कॉटखाली. त्यांच्या मालकाच्या मानेमागे एक माणूस उभा राहतो आणि त्याच्या हातात काहीतरी दात खात असतं, एवढंच त्यांनी माझ्याबद्दल बघितलं होतं.

"तुम्ही येता तेही मागूनच," ही म्हणाली. "दुकानात बरं असतं, समोर आरसा आहे. माणसाला दिसतं, कोण आहे, हात कुठे आहे. त्याच्या कॉटखाली कुठला आलाय आरसा?"

"अगं, पण मी त्याला कधी हात लावलाय का?"

"मला तरी कुठे लावला होतात! लग्न झाल्यावर दोन वर्षं मी पोळ्या करताना, हे आपले मागे उभे, कच कच. मला वाटायचं वेणी जाते आता."

वहिनी इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एका कुत्र्यापुढे आणि दोन बायकांपुढे माझा चाळीस वर्षांचा हात आरोपी ठरला.

पण मी पण बेटा तसा नाही. मी हात खिशात घातले. दोन्ही. सहावा, सातवा, आठव्याची संध्याकाळ होईपर्यंत काढलेच नाहीत. दुकान? चालू होतं. तीन दिवस मी गिऱ्हाइकांच्या दाढ्या हात खिशात ठेवून केल्या. कशा ते विचारू नका. कुणाला कापलं नाही. एक जण तर म्हणाला, मामा, आज हात हलका लागतोय.

चष्मेवाल्याच्या घशातून कसलातरी आवाज आला. मी पात्याची सपाट बाजू त्याच्या घाटीवर टेकवली. आवाज परत गेला.

दुकान बंद केलं की वहिनीकडे. मागून जाणं बंद. दारात उभा राहायचो, साहेबांना दिसेपर्यंत. मग आत जाऊन त्यांच्यासमोर फरशीवर बसायचो. या वयात फरशीवर बसलं की उठायला माणूस लागतो. बोलायचं नाही, बिस्किट नाही, डोळ्यांत डोळे नाहीत. मी भिंत बघायचो, साहेब मला बघायचे. दोन बिनकामाचे नातेवाईक एका लग्नात शेजारी बसवल्यासारखे. सहाव्या दिवशी ते कॉटखाली गेले नाहीत, कॉटच्या कडेला राहिले. सातव्या दिवशी हातभर पुढे आले. येताना दोनदा कलले. कानाचा वास आता मला बसल्या जागी यायला लागला होता.

आठव्या दिवशी त्यांनी माझा उजवा खिसा हुंगला. बाहेरून, बराच वेळ. मग डावा. मग माझ्याकडे बघितलं. म्हणजे काढा, काय आहे ते.

मी हात बाहेर काढले आणि फरशीवर उताणे ठेवले. बोटांना सांगितलं, हललात तर छाटीन. हलली नाहीत. साहेबांनी करंगळीपासून सुरुवात केली. एकेका बोटावर पाच पाच मिनिटं. साबण, तेल, तुरटी, चाळीस वर्षांची डोकी. या शहरातला प्रत्येक कोंडा त्यांनी माझ्या बोटांवर वाचला. न्यायाधीशाने इतक्या सावकाश कागद वाचले तर तुरुंग ओस पडतील. दहाव्या बोटाला त्यांनी सुस्कारा सोडला आणि हनुवटी माझ्या पंजावर ठेवली. जड असते हो ती. खाली हाडाला फरशी टोचत होती. पाऊण तास मी हात हलवला नाही. शहाणपणाने नव्हे, हाताला मुंग्या आल्या होत्या.

नवव्या दिवशी मी कानाच्या मुळाशी बोट नेलं. वरचा ओठ उचलला गेला. नेमके चार दात. मी बोट मागे घेतलं. ओठ खाली आला. परत नेलं, परत दात. असं चौदा-पंधरा वेळा झालं. दात दिसले की मी थांबत होतो, आणि मी थांबतोय हे ते बघत होते. पण कान काही मिळाला नाही. दाराशी आलो तर वहिनी म्हणाली, "डॉक्टरीणबाईंचा निरोप आलाय. परवा सकाळी दहा. उपाशीपोटी आणा म्हणाल्या." एवढं बोलली आणि साहेबांची ताटली घासायला घेतली. स्वच्छ होती ताटली. तरी घासली.

आणि आता, चष्मेवाले, मान उजवीकडे, आणि ज्याला पटायचं नाही त्याने कान बंद करून घ्यावेत.

दहावा दिवस. सकाळी मी दुकानाची फळी सरकवली, आरसा पुसला, खुर्चीवर फडकं मारलं. मागे वळून बघतो तर दारात साहेब. एकटे! तीन रस्ते आणि एक चौक ओलांडून आलेले. मी म्हटलं, या. ते बाकावर चढले. आधी एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याचा नंबर होता. साहेबांनी थांबून घेतलं. रांग मोडली नाही. पेपर पुढ्यात होता, त्याच्यावर पंजा ठेवून बसले. गिऱ्हाईक गेलं तसे खुर्चीवर चढले, आरशाकडे तोंड करून बसले. मी मागे उभा राहिलो. आरशात त्यांनी माझे हात बघितले, कात्री बघितली, माझं तोंड बघितलं, ते त्यांना फारसं आवडलं नाही, आणि मान तिरकी करून कान वर केला. बोलता येत नव्हतं म्हणून, नाहीतर 'मध्यम ठेवा' म्हणाले असते.

मी कात्री हवेत एकदाही वाजवली नाही. सात काप. गठ्ठा निघाला, एवढा, अक्रोडाएवढा. पू पुसला, औषधाने कान धुतला, पावडर मारली, फडकं झटकलं. साहेब उतरले, अंग झाडलं आणि आले तसे गेले. 'बरं आहे' नाही, की शेपूट नाही. डॉक्टरणीने नंतर कान बघितला, म्हणाली, भुलीची गरज नाही, कुणी केलं इतकं स्वच्छ? वहिनी चार दिवस नुसती रडत होती, आनंदाने. बायकांना दुसरं काय येतं!

तर एवढंच आहे ते. मास्तर म्हणतो तसलं नातंबितं काही नसतं. काम होतं, ते मी केलं, हुकमी केलं, उभ्याने केलं. मला त्या कुत्र्याची तेव्हा कदर नव्हती आणि आज नाही. जगला काय, मेला काय. त्याचंही माझ्याबद्दल तेच मत आहे, आणि याच्याइतका विश्वासाचा व्यवहार मी दोन माणसांत बघितलेला नाही. वहिनीचा जीव अडकला होता म्हणून, नाहीतर मी डोळ्यांतून टिपूस...

"खोटं!"

ही उठून उभी राहिली होती. मांडीवरचे टॉवेल सगळे खाली.

"साफ खोटं. त्याला धड उंबरा ओलांडता येत नव्हता तेव्हा, तो कुठला तीन रस्ते ओलांडतोय! तुम्ही गेला होतात. पहाटे उठून, चहासुद्धा न घेता, पायांत दोन वेगळ्या चपला घालून. मी मागून आले. जाऊबाई स्वयंपाकघराच्या दाराआड तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या, मीही उभी राहिले. आणि हे तुमचे हुकमी मामा, चष्मेवाले, फरशीवर उताणे पडलेले. म्हणत होते, साहेब, माझं चुकलं, मागून नाही येणार परत, पण एवढं करू द्या, पाया पडतो, दादाच्या मागे तुम्हीच आहात, तुम्हीही गेलात तर मी कुणाकडे जाऊ? अर्धा तास तेच तेच! तेव्हा कुठे तो कलत कलत आला आणि ह्यांच्या छातीवर डोकं टाकून पडला. तसेच आडवे, रडत रडत कापले ह्यांनी केस. हमसून हमसून, हो! आणि नाक गळत होतं तर पुसायला हात मोकळा नव्हता, ते मी पुसलं."